ऑनलाइन शिक्षणातील ब्राउझर प्लग-इन समस्या

ब्राउझर प्लग-इन म्हणजे वेब ब्राउझरला (न्याहाळकाला) स्वतःहून दाखवता न येणारा आशय दाखवण्यासाठी त्याला जोडले जाणारे स्वतंत्र सॉफ्टवेअर होय. ॲडोबी फ्लॅश प्लेअर, जावा ॲपलेट चालवणारे जावा प्लग-इन, मायक्रोसॉफ्ट सिल्व्हरलाइट, शॉकवेव्ह आणि क्विकटाइम ही त्याची प्रमुख उदाहरणे आहेत. १९९५ च्या सुमारास सुरू झालेले हे तंत्र सुमारे पंचवीस वर्षे वापरात होते. या काळात तयार झालेले चलचित्रे, आभासी प्रयोग, स्वयंअध्ययनाचे धडे व चाचण्या असे ऑनलाइन शैक्षणिक साहित्य मोठ्या प्रमाणावर प्लग-इनवर अवलंबून होते. २०२१ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांनी या प्रकारच्या प्लग-इनला दिलेला आधार काढून घेतला. त्यामुळे जुने धडे बंद पडले.

आज ऑनलाइन शिक्षण मंचावर 'प्लग-इन चालत नाही' अशी जी तक्रार केली जाते, तिच्यामागे बहुतेक वेळा प्लग-इन नसते. ब्राउझरमधील एक्स्टेंशन, कुकीविषयक निर्बंध, परवानग्या, जुनी आवृत्ती किंवा संस्थेच्या जाळ्यावरील बंधने ही तिची नेहमीची कारणे आहेत. म्हणून समस्येच्या निवारणात दोष नेमका कोणत्या थरात आहे हे ठरवणे ही पहिली पायरी मानली जाते.

## संज्ञा व फरक

'प्लग-इन' हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. त्यांतील गल्लतीमुळे उपाय चुकीच्या ठिकाणी केला जाण्याची शक्यता असते.

ब्राउझर प्लग-इन – हे संगणकावर वेगळे स्थापित करावे लागे. पानाचा ठरावीक चौकोन त्याच्या ताब्यात दिला जाई व त्या चौकोनात काय घडते यावर ब्राउझरचे फारसे नियंत्रण नसे. प्लग-इन हे संगणकाच्या यंत्रभाषेतील सॉफ्टवेअर असल्यामुळे त्यातील त्रुटीचा फायदा घेऊन हल्लेखोराला थेट संगणकापर्यंत पोहोचता येई.

एक्स्टेंशन – जाहिराती रोखणे, परवलीचे शब्द साठवणे, भाषांतर करणे, देवनागरी टंकलेखन यांसारख्या सोयींसाठी ब्राउझरमध्येच बसवली जाणारी छोटी आज्ञावली. ती ब्राउझरच्या नियमांच्या चौकटीत चालते; मात्र पानावरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची परवानगी तिला असू शकते. फायरफॉक्समध्ये अशा घटकांना 'ॲड-ऑन' हे व्यापक नाव आहे.

शिक्षण मंचाचे प्लग-इन – मूडलसारख्या अध्ययन व्यवस्थापन प्रणालीला प्रश्नप्रकार, उपस्थितीपत्रक किंवा दृक्‌संवादाची सोय जोडणारा भाग. हा भाग सर्व्हरवर असतो. तो बिघडल्यास विद्यार्थ्याने स्वतःच्या ब्राउझरमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग होत नाही. दुरुस्ती संस्थेच्या प्रशासकालाच करावी लागते.

## इतिहास

### उदय

प्रारंभीच्या ब्राउझरांना मजकूर व स्थिर चित्रे याखेरीज फारसे काही दाखवता येत नसे. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या २.० या आवृत्तीत बाहेरचे सॉफ्टवेअर पानात बसवण्याची एनपीएपीआय ही पद्धत आली. पीडीएफ दस्तऐवज ब्राउझरमध्येच उघडता यावेत ही तिच्यामागील एक प्रेरणा होती. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ३ बरोबर ॲक्टिव्हएक्स ही स्वतःची पद्धत आणली. त्याच सुमारास सन मायक्रोसिस्टिम्सचे जावा ॲपलेट प्रचारात आले. फ्यूचरस्प्लॅश हे चलचित्र तयार करण्याचे साधन मॅक्रोमीडिया कंपनीने १९९६ च्या अखेरीस विकत घेतले आणि त्याचे नाव फ्लॅश ठेवले. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया ॲडोबीच्या मालकीची झाली. मायक्रोसॉफ्टचे सिल्व्हरलाइट २००७ मध्ये आले.

### शिक्षणातील वापर

प्लग-इनमुळे शिक्षकांना पानावर हलती आकृती, आवाज व विद्यार्थ्याच्या कृतीला मिळणारा प्रतिसाद एकत्र आणता आले. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पातील आभासी प्रयोग आरंभी जावा व फ्लॅश या दोन तंत्रांत तयार झाले. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे २००१ मध्ये सुरू केलेले जिओजेब्रा हे गणिताचे साधन जावात लिहिलेले होते व त्याच्या आकृत्या ॲपलेटच्या रूपाने पानात बसवल्या जात. भारतात केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानांतर्गत उभ्या राहिलेल्या 'व्हर्च्युअल लॅब्स' प्रकल्पातील, तसेच अमृता विश्व विद्यापीठम व मुंबईच्या सी-डॅक संस्थेने शालेय विद्यार्थ्यांसाठी विकसित केलेल्या 'ओलॅब्स'मधील अनेक जुने प्रयोगही फ्लॅशवर चालत.

धडे एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेता यावेत यासाठी ठरवलेल्या 'स्कॉर्म' या मानकाची १.२ ही आवृत्ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. धड्याने विद्यार्थ्याची प्रगती व गुण शिक्षण मंचाला कसे कळवावेत हे स्कॉर्मने निश्चित केले. मात्र धडा कोणत्या तंत्रात दाखवावा हे निश्चित केले नाही. त्यामुळे स्कॉर्म नियमांनुसार तयार झालेल्या असंख्य संचांच्या आत प्रत्यक्षात फ्लॅशच्या संचिका होत्या. वरकरणी मानकाप्रमाणे असलेले हे धडे पुढे फ्लॅशबरोबरच बंद पडले.

### अस्त

प्लग-इनच्या अस्ताला सुरक्षा, बॅटरीचा वापर आणि मोबाइल फोन ही तीन कारणे प्रामुख्याने घडली. आयफोनवर फ्लॅश कधीच चालले नाही. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी एप्रिल २०१० मध्ये खुले पत्र लिहून त्यामागील भूमिका मांडली. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीने मोबाइल ब्राउझरांसाठी फ्लॅशचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल५ हे डब्ल्यू३सी या संस्थेचे अधिकृत मानक झाले आणि दृक्‌श्राव्य आशय व रेखाटन या गोष्टी ब्राउझरला प्लग-इनविना करता येऊ लागल्या.

यानंतरचे महत्त्वाचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत:

* जुलै २०१५ – मायक्रोसॉफ्ट एज हा ब्राउझर ॲक्टिव्हएक्सच्या आधाराविना प्रसिद्ध.
* सप्टेंबर २०१५ – गुगल क्रोमच्या ४५ व्या आवृत्तीतून एनपीएपीआय पूर्णपणे काढले. जावा व सिल्व्हरलाइट बंद.
* मार्च २०१७ – फायरफॉक्सच्या ५२ व्या आवृत्तीत फ्लॅश वगळता इतर प्लग-इन बंद.
* जुलै २०१७ – २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद करण्याची ॲडोबीची घोषणा.
* सप्टेंबर २०१८ – जावाच्या ११ व्या आवृत्तीतून ब्राउझर प्लग-इन व ॲपलेट चालवण्याची सोय वगळली.
* ३१ डिसेंबर २०२० – फ्लॅशच्या अद्ययावतीकरणाचा अखेरचा दिवस. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःच आशय दाखवणे थांबवले.
* ऑक्टोबर २०२१ – सिल्व्हरलाइटचा आधार समाप्त.
* जून २०२२ – विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवरील इंटरनेट एक्स्प्लोरर ११ निवृत्त.

## सुरक्षेचा प्रश्न

प्लग-इन बंद पडल्यावर ते पुन्हा कसे सुरू करावे, हा शोध विद्यार्थी व शिक्षक आंतरजालावर घेतात आणि येथेच सर्वांत मोठा धोका असतो. 'तुमचे फ्लॅश प्लेअर जुने झाले आहे' अशी खोटी सूचना दाखवून घातक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावणे ही जुनी युक्ती आहे. २०११ मध्ये मॅक संगणकांवर पसरू लागलेले 'फ्लॅशबॅक' हे घातक सॉफ्टवेअर प्रथम फ्लॅशच्या खोट्या स्थापकाच्या रूपात आले. नंतर त्याने जावामधील त्रुटीचा वापर केला व २०१२ मध्ये सहा लाखांहून अधिक मॅक संगणकांना त्याची लागण झाल्याचे आढळले. जावा प्लग-इनमधील त्रुटींमुळे जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला होता.

आता फ्लॅश प्लेअरची अधिकृत नवी आवृत्ती निघत नाही. त्यामुळे फ्लॅश अद्ययावत करण्यास सांगणारी कोणतीही सूचना खोटी समजावी. त्याचप्रमाणे जुने धडे पाहण्यासाठी ब्राउझरची जुनी आवृत्ती शोधून बसवणे सुरक्षित नाही. अशा ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार किंवा ईमेल पाहिल्यास अनेक वर्षांपूर्वी जाहीर झालेल्या, पण त्या आवृत्तीत कधीच न बुजवलेल्या त्रुटी हल्लेखोराला उपलब्ध राहतात.

एक्स्टेंशनच्या बाबतीतही हीच दक्षता लागते. 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे' ही परवानगी दिलेल्या एक्स्टेंशनला शिक्षण मंचावर लिहिलेली उत्तरे, गुण व वैयक्तिक तपशील दिसू शकतात.

## सध्याच्या समस्या व त्यांची कारणे

### एक्स्टेंशनचा हस्तक्षेप

जाहिराती व मागोवा रोखणारी एक्स्टेंशन्स ठरावीक पत्त्यांवरून येणाऱ्या आज्ञावली थांबवतात. एखाद्या धड्याची चित्रफीत किंवा चाचणीचा भाग अशाच पत्त्यावरून येत असेल, तर पानावर रिकामी जागा उरते. रंगसंगती बदलणाऱ्या एक्स्टेंशनमुळे आकृत्या व गणिती सूत्रे पार्श्वभूमीत मिसळून अदृश्य होण्याचे प्रकार घडतात. क्रोमने २०२४ पासून जुन्या रचनेवर आधारलेली एक्स्टेंशन्स टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यामुळे पूर्वी चालणारी एखादी सोय वापरकर्त्याने काहीही न बदलता नाहीशी झालेली असू शकते.

### पानाचे आपोआप भाषांतर

इंग्रजी पान ब्राउझरच्या सोयीने मराठीत पाहणाऱ्या वाचकांना एक वेगळी अडचण येते. भाषांतर करताना ब्राउझर पानातील मजकुराचे तुकडे काढून त्यांच्या जागी नवे तुकडे बसवतो. पानाची स्वतःची आज्ञावली मात्र मूळ तुकडे जागेवर आहेत असे गृहीत धरून चालते. उत्तर निवडल्यावर किंवा पुढील प्रश्नावर जाताना तिला ते सापडत नाहीत व पान कोरे होते किंवा कळ दाबूनही काहीच घडत नाही. चाचणी देताना आपोआप भाषांतर बंद ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. मंचावर मराठीची सोय असल्यास भाषा मंचाच्या मांडणीतून बदलावी.

### देवनागरी टंकलेखन

उत्तर लिहिण्याच्या चौकटीत देवनागरी उमटवण्यासाठी काही जण ब्राउझरमधील टंकलेखन एक्स्टेंशन वापरतात. मंचाचा मजकूर संपादक स्वतःही प्रत्येक कळदाब टिपत असतो. दोघांच्या ओढाताणीत अक्षरे दुहेरी उमटणे, जोडाक्षरे तुटणे किंवा कर्सर भलतीकडे जाणे असे दोष दिसतात. विंडोज, लिनक्स, मॅकओएस व अँड्रॉइड या सर्व प्रणालींमध्ये देवनागरी कळफलक अंगभूत उपलब्ध आहे. तो ब्राउझरवर अवलंबून नसल्यामुळे अधिक खात्रीचा ठरतो.

### तृतीय पक्षाच्या कुकी

शिक्षण मंचाच्या पानात अनेकदा दुसऱ्या संकेतस्थळाची चौकट असते. उदाहरणार्थ, प्रकाशकाचा प्रश्नसंच किंवा दृक्‌संवादाचा वर्ग. त्या चौकटीला विद्यार्थी ओळखण्यासाठी कुकी लागते. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून अशा तृतीय पक्षाच्या कुकी पूर्णपणे रोखल्या. फायरफॉक्सने २०२२ मध्ये त्या प्रत्येक संकेतस्थळापुरत्या वेगळ्या ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली. याचा परिणाम म्हणजे चौकटीत पुन्हा पुन्हा प्रवेश करण्यास सांगितले जाणे. तो आशय नव्या टॅबमध्ये उघडण्याचा पर्याय असल्यास अडचण सहसा सुटते.

### प्रगतीची नोंद न होणे

धडा पूर्ण पाहूनही मंचावर 'अपूर्ण' असे दिसणे ही स्कॉर्म धड्यांची जुनी तक्रार आहे. अनेक जुने धडे विद्यार्थी खिडकी बंद करतो त्या क्षणी गुण सर्व्हरला पाठवत. पान बंद होत असताना ब्राउझरला थांबवून ठेवणारी ही पद्धत क्रोमने २०२० मध्ये बंद केली, तेव्हा अशा धड्यांतील अखेरची नोंद हरवू लागली. मंचांनी त्यावर सुधारणा केल्या. तरीही धड्यातील 'बाहेर पडा' ही कळ दाबून मगच खिडकी बंद करणे अधिक सुरक्षित असते. धडा स्वतंत्र खिडकीत उघडत असेल तर पॉप-अप रोखण्याची सोय त्या संकेतस्थळापुरती शिथिल करावी लागते. मागची मूळ खिडकी बंद केल्यास धड्याचा मंचाशी असलेला संबंध तुटतो व नोंद होत नाही.

### आवाज, कॅमेरा व ध्वनिग्राहक

क्रोमने २०१८ पासून वापरकर्त्याच्या कृतीविना आवाजासह चित्रफीत सुरू होण्यास प्रतिबंध केला आहे. त्यामुळे धडा मूकपणे सुरू झाल्यास पानावर एकदा टिचकी मारून पाहावे. ऑनलाइन वर्गासाठी आता वेबआरटीसी हे ब्राउझरमध्ये अंगभूत असलेले तंत्र वापरले जाते. त्याला वेगळे प्लग-इन लागत नाही, मात्र परवानगी दोन ठिकाणी लागते: ब्राउझरमध्ये त्या संकेतस्थळासाठी, आणि संगणकाच्या कार्यप्रणालीत त्या ब्राउझरसाठी. यांपैकी एक नाकारलेली असल्यास कॅमेरा चालत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरने कॅमेरा आधीच ताब्यात घेतला असेल तरीही हेच लक्षण दिसते.

### जुनी यंत्रणा

शाळा-महाविद्यालयांच्या संगणक कक्षांत जुनी कार्यप्रणाली असणे हे वारंवार आढळणारे कारण आहे. विंडोज ७ व ८.१ वर चालणारी क्रोमची अखेरची आवृत्ती १०९ आहे. विंडोज एक्सपी व व्हिस्टावरील अखेरची आवृत्ती ४९ आहे. अशा संगणकांवर 'ब्राउझर अद्ययावत करा' ही सूचना पाळणे शक्यच नसते. जुन्या संगणकांतील मदरबोर्डवरील छोटी बॅटरी संपल्यास संगणक सुरू होताना तारीख अनेक वर्षे मागे जाते. सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत तारखेवरून तपासली जात असल्यामुळे मग सर्वच संकेतस्थळे असुरक्षित असल्याचा इशारा येतो. येथे ब्राउझरमध्ये दोष नसतो. बॅटरी बदलून तारीख दुरुस्त करणे एवढेच पुरते.

## निवारणाची पद्धत

समस्येचे निवारण करताना एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहून पुढे जावे. एकदम अनेक बदल केल्यास दोष दूर झाला तरी तो कशामुळे झाला हे कळत नाही. प्रथम संदेशाचे अचूक शब्द, पानाचा पत्ता व वेळ यांची नोंद करावी.

१. पान पुन्हा उघडणे. विंडोज व लिनक्सवर कंट्रोल, शिफ्ट व आर या कळा एकत्र दाबल्यास क्रोम, एज व फायरफॉक्स साठवलेली जुनी प्रत न वापरता पान नव्याने आणतात. चालू चाचणीत हे करण्यापूर्वी लिहिलेले उत्तर जतन झाले आहे का ते पाहावे.

२. खासगी विंडोत पाहणे. क्रोममधील इन्कॉग्निटो किंवा फायरफॉक्समधील खासगी विंडोत, विशेष परवानगी दिली नसल्यास, एक्स्टेंशन्स चालत नाहीत व जुन्या कुकीही वापरल्या जात नाहीत. येथे धडा चालला तर कारण एक्स्टेंशन किंवा साठलेली माहिती यांपैकी एक असते. फायरफॉक्समध्ये सर्व एक्स्टेंशन्स तात्पुरती बंद ठेवणारा 'ट्रबलशूट मोड'ही आहे.

३. दोषी एक्स्टेंशन शोधणे. निम्मी एक्स्टेंशन्स बंद करून पाहावे. दोष गेला तर तो बंद केलेल्या निम्म्यांत आहे, राहिला तर उरलेल्यांत. दर वेळी निम्मे करत गेल्यास सोळांपैकी एक दोषी एक्स्टेंशन चार फेऱ्यांत सापडते. ते सापडल्यावर काढून टाकण्याऐवजी शिक्षण मंचाच्या पत्त्यापुरते बंद ठेवता येते.

४. एकाच संकेतस्थळाची माहिती पुसणे. एक्स्टेंशन दोषी नसल्यास पत्त्याच्या पट्टीतील चिन्हावरून त्या मंचापुरत्या कुकी व साठलेली माहिती पुसावी. संपूर्ण ब्राउझरची माहिती पुसल्यास इतर सर्व ठिकाणी पुन्हा प्रवेश करावा लागतो. ब्राउझरमध्येच साठलेली, अद्याप न पाठवलेली उत्तरे मात्र या कृतीने नष्ट होतात.

५. दुसरा ब्राउझर वापरणे. खासगी विंडोतही दोष कायम राहिल्यास दुसऱ्या अद्ययावत ब्राउझरमध्ये तेच पान उघडावे. तेथे चालल्यास पहिल्या ब्राउझरच्या परवानग्या व आवृत्ती तपासावी.

६. जाळे बदलणे. दोन्ही ब्राउझरांत दोष असल्यास शाळेच्या किंवा घरच्या जोडणीऐवजी मोबाइलच्या डेटावर तेच पान पाहावे. चालल्यास संस्थेच्या जाळ्यावरील गाळणी किंवा सुरक्षाभिंत कारणीभूत असते. ब्राउझरमध्ये बदल करून ती दूर होत नाही.

७. इतरांना विचारणे. वेगळ्या जाळ्यावरील सहाध्यायालाही तोच दोष दिसत असेल, तर तो मंचाच्या बाजूचा आहे असे समजावे.

### तक्रार नोंदवताना

परीक्षेच्या वा गृहपाठाच्या मुदतीत अडचण आल्यास दुरुस्तीइतकेच पुराव्याला महत्त्व असते. वेळ दिसेल असे पडद्याचे चित्र, ब्राउझर व कार्यप्रणालीचे नाव व आवृत्ती, पानाचा पत्ता, आणि करून पाहिलेले उपाय ही माहिती मुदत संपण्यापूर्वी शिक्षक व तांत्रिक कक्षाला पाठवावी. बहुतेक संगणकी ब्राउझरांत एफ१२ ही कळ दाबल्यावर उघडणाऱ्या 'कन्सोल' भागातील लाल रंगाच्या ओळींचे चित्र जोडल्यास प्रशासकाला कारण लवकर कळते. या भागात इतर कोणी सांगितलेली आज्ञा चिकटवू नये. तिच्याद्वारे विद्यार्थ्याच्या खात्याचा ताबा घेतला जाऊ शकतो.

काही संस्था परीक्षेसाठी वेगळे सॉफ्टवेअर किंवा देखरेखीचे एक्स्टेंशन सक्तीचे करतात. झुरिक येथील ईटीएच या संस्थेत विकसित झालेला 'सेफ एक्झाम ब्राउझर' हे त्याचे परिचित उदाहरण आहे. तो परीक्षेदरम्यान संगणकावरील इतर सॉफ्टवेअर वापरू देत नाही. अशा साधनाची चाचणी प्रत्यक्ष परीक्षेच्या संगणकावर व जाळ्यावर आधीच घेणे आवश्यक असते, कारण परीक्षा सुरू झाल्यावर वरील पायऱ्या करून पाहण्यास वाव उरत नाही.

## जुन्या साहित्याचे जतन व रूपांतर

बंद पडलेला धडा पुन्हा उपलब्ध करून देणे हे मुख्यतः आशयनिर्मात्यांचे व प्रशासकांचे काम आहे. त्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत.

पहिला मार्ग म्हणजे मूळ संचिकेवरून एचटीएमएल५ स्वरूपात पुन्हा प्रकाशन. फ्लॅशमध्ये चलचित्र घडवण्याच्या साधनाचे नाव ॲडोबीने २०१६ मध्ये ॲनिमेट असे बदलले व त्यातून एचटीएमएल५ रूप मिळवता येते. मात्र त्यासाठी निर्मात्याकडील मूळ 'एफएलए' संचिका लागते. अनेक संस्थांकडे केवळ प्रकाशित झालेली 'एसडब्ल्यूएफ' संचिकाच शिल्लक असते.

दुसरा मार्ग अनुकरणाचा आहे. 'रफल' हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर फ्लॅश संचिका प्लग-इनविना ब्राउझरच्या सुरक्षित चौकटीत चालवते. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या फ्लॅश आशयाचा संग्रह याच साधनाच्या आधारे खुला केला. फ्लॅशच्या जुन्या आज्ञाभाषेतील धडे रफलवर चांगले चालतात. नंतरच्या तिसऱ्या आवृत्तीतील आज्ञाभाषेचे काही धडे अंशतःच चालतात. संस्थेने आपल्या मंचावर रफल बसवल्यास विद्यार्थ्याला स्वतः काहीही स्थापित करावे लागत नाही. जावासाठी चीअरपजे हे तशाच प्रकारचे साधन असून फेट प्रकल्पाने आपले जुने जावा प्रयोग त्याच्या मदतीने ब्राउझरमध्ये उपलब्ध ठेवले आहेत.

तिसरा मार्ग धडा नव्याने लिहिण्याचा आहे. फेटने आपले लोकप्रिय प्रयोग एचटीएमएल५ मध्ये नव्याने घडवले. ते मोबाइल व टॅबलेटवर चालतात आणि त्यांतील अनेक प्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत. जिओजेब्रानेही ॲपलेट सोडून हाच मार्ग स्वीकारला. लहान प्रश्नसंच व परस्परसंवादी चित्रफितींसाठी एच५पी हे मुक्त स्रोत साधन वापरले जाते. मूडलमध्ये ते २०१९ च्या ३.८ या आवृत्तीपासून अंतर्भूत आहे.

गणिती सूत्रांच्या बाबतीतही असेच स्थित्यंतर झाले. पूर्वी इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये सूत्रे दाखवण्यासाठी मॅथप्लेअर हे प्लग-इन लागे. त्याची जागा मॅथजॅक्स या पानातच चालणाऱ्या आज्ञावलीने घेतली.

## महत्त्व

प्लग-इनच्या काळात धड्याचे आयुष्य तो लिहिणाऱ्या शिक्षकाच्या नव्हे, तर प्लग-इनची मालकी असलेल्या कंपनीच्या निर्णयावर अवलंबून होते. फ्लॅश बंद होण्याची पूर्वसूचना साडेतीन वर्षे आधी मिळूनही, ज्यांची मूळ संचिका हरवली होती किंवा रूपांतराला मनुष्यबळ नव्हते असे धडे वाचू शकले नाहीत. लहान भाषांत मुळातच थोडे असलेले डिजिटल शैक्षणिक साहित्य अशा प्रसंगी अधिक असुरक्षित असते, कारण बंद पडलेल्या धड्याला पर्यायी दुसरा धडा त्या भाषेत सहज सापडत नाही. म्हणून नवे साहित्य तयार करताना खुल्या मानकांचा वापर करणे, मूळ संचिका प्रकाशित रूपासोबत जपणे आणि धडा एकाहून अधिक ब्राउझरांत तपासणे या गोष्टी आवश्यक मानल्या जातात.

## हे सुद्धा पहा

* वेब ब्राउझर
* ॲडोबी फ्लॅश
* जावा (आज्ञावली भाषा)
* एचटीएमएल५
* मूडल
* मुक्त स्रोत सॉफ्टवेअर